हैबतरावांची आंधळी घोडी

चांदसईला म्हाताऱ्या, अधू जनावरांचा पांजरपोळ होता. सरदार हैबतरावांच्या आजोबांनी तो बांधला आणि एकच नियम घालून दिला: दारात आलेल्या जनावराला काम विचारायचं नाही.

नातवाला ती जागा रथखान्यासाठी हवी होती.

"कामाचं नाही त्याला चारा कशाला? सगळी हाकलून द्या," त्यांनी फर्मावलं.

पांजरपोळ सांभाळणाऱ्या तुळसाबाईनं वाद घातला नाही. तिनं फाटक उघडलं. जनावरं सवयीनं आपापल्या जुन्या मालकांच्या दारी गेली. एक आंधळी घोडी थेट हैबतरावांच्या पागेत शिरली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन उभी राहिली.

हैबतरावांनी तुळसाबाईला बोलावून घेतलं. "हिला इथे कोणी आणलं?"

"कोणी नाही, सरकार. वाट तिला पाठ आहे. लढाईत तुमची शुद्ध हरपली, तेव्हा याच वाटेनं तिनं तुम्हाला पाठीवरून घरी आणलं."

"ते झालं. आता ती माझ्या काय कामाची?"

"त्या दिवशी तुम्ही तरी तिच्या काय कामाचे होता, सरकार?"

हैबतरावांनी घोडीपुढे स्वतः चारा टाकला आणि बाकीची जनावरं पांजरपोळात परत न्यायला सांगितलं.

संध्याकाळी सगळी जनावरं पांजरपोळात परतली. घोडी तेवढी पागेतच राहिली.