मलई वर आलेली बाटली

"माझ्या दादाला भंगारात का दिलं?" वस्तू बोलायच्या त्या काळी एका दूधडेअरीतला धाकटा सूक्ष्मदर्शक ज्याला त्याला हेच विचारायचा. दादाच्या जागी दुधातल्या पेशी मोजणारं नवं यंत्र आणून बसवलं. धाकटा भडकला.

दुधात पेशी फार निघाल्या की गाईची कास आजारी समजतात. यंत्राचा आकडा खरा की खोटा, हे बघायला तपासनीस रेवतीबाईंनी चांदणी गाईच्या दुधाची एक बाटली घेतली. धाकट्याने त्यातल्या पेशी मोजल्या. दोन लाख. मग बाई चहाला गेल्या, त्या तासाने परतल्या, आणि तीच बाटली त्यांनी यंत्राला दिली.

"पाच लाख!" यंत्र म्हणालं.

"पुन्हा चुकलं तर उद्याच परत पाठवते याला," बाई म्हणाल्या.

दुधाचं माप खदखदून हसलं. "पाहुणे, बोचकं बांधा!"

यंत्र रडवेलं झालं. "दादा, माझं काय चुकलं हो?"

धाकट्याला आजवर कुणीच दादा म्हटलं नव्हतं.

"अरे गधड्या, मलई वर आली, तिच्याबरोबर पेशीही वर आल्या. तू नुसतं वरचंच प्यायलास!" असं ओरडत त्याने बाटलीला धडक दिली. बुचाची बाटली टेबलभर गडगडत गेली. बाईंनी ती झेलली आणि पुन्हा यंत्राला दिली. आकडा आला दोन लाख.

यंत्र राहिलं. धाकट्याची रवानगी कपाटात झाली. जाता जाता तो यंत्राला म्हणाला, "खिडकीकडे तोंड करून बस रे. सकाळी गाई येताना दिसतात."