दुसऱ्या पक्षाचं दुःख

भिवरा आणि सुंदरा एकाच माहेरच्या, एकाच गावात दिलेल्या. पण दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत दोन्ही घरांवर वेगवेगळे झेंडे लागले आणि बोलणं तुटलं. पापड लाटताना भिवराचा हात सवयीनं शेजारी सुंदराकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा.

एका सकाळी सुंदराचा नवरा गेल्याचं कळलं. भिवरा हातातलं काम टाकून निघाली. चावडीपाशी सरपंच बळवंतराव चार माणसांत बसले होते. त्यांनी हटकलं, "काकू, कुठं निघालात? ते घर त्यांच्या पक्षाचं. आपल्यातलं कुणी तिकडं रडायला जायचं नाही, ठरलंय."

भिवरा थांबली. पदर सावरून म्हणाली, "बळवंतराव, तीन वर्षांमागं तुमची आई गेली, तेव्हा तुम्ही त्याच पक्षात होता. आमचं घर तेव्हाही ह्याच पक्षात. तरी म्हातारीला शेवटची आंघोळ मी घातली, ऊर फुटेस्तोवर रडले. ते रडणं आता परत घेऊ, का तुम्ही इकडं आलात म्हणून चालून जाईल?"

  बळवंतराव उठून चपला पायात सरकवत म्हणाले, "चला काकू, मीही येतो."

भिवराला दारात बघून सुंदरा जागची हलली नाही. नुसती म्हणाली, "दहा घरं ओलांडायला दोन वर्षं लागली गं तुला?"

 भर चावडीवर सरपंचाला सुनावणारी भिवरा तिच्या शेजारी जाऊन बसली, सुंदराचा हात हातात घेऊन.