काजळ्यावरची बैठक

"पण तो कुठं वळणार, हे आधी कळायचं कसं?"

हैबत इंगवले अंगावरची माती झटकत विचारत होता. मठाच्या वळूनं, काजळ्यानं, त्याला आत्ताच पाठीवरून फेकलं होतं. पुन्हा एकदा.

मठातले आडनाथबाबा कुंपणावर बसले होते.

"त्याला तरी आधी कुठं कळतं?" ते म्हणाले.

हैबत मुलखातला नावाजलेला घोडेस्वार. कसलंही माजलेलं घोडं त्याच्या मांडीखाली गरीब व्हायचं. पण गेल्या जत्रेत सगळ्या गावासमोर काजळ्यानं त्याला उताणा पाडला होता. लोक हसले होते. सगळ्यांत मोठ्यानं त्याचा सासरा.

म्हणून तो बाबांकडे आला होता. तरुणपणी वळूवरच्या या बैठकीत बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. गळ्याजवळचं वाकडं जुळलेलं हाड तेवढं त्याची आठवण म्हणून राहिलं होतं.

"नियम सांग," बाबा म्हणाले.

"एक हात दोरात, दुसरा हवेत. हवेतला वळूला लागला की बाद. हलगी थांबेपर्यंत टिकायचं."

"मग अडतंय कुठं?"

"घोड्याला मी सांगतो, ते ऐकतं. हा ऐकतच नाही."

"सांगतोस कशाला?"

हैबत चिडला. "मग काय नुसतं बसायचं? गाठोड्यासारखं?"

"गाठोडं पडतं."

बाबा खाली उतरले. पलीकडे मठाचा हलगीवाला सोपान हलगी शेकत बसला होता. बाबांनी त्याला खूण केली. हलगी कडाडली. बाबांनी हैबतचं मनगट धरलं आणि नाचायला लागले.

म्हातारा उजवीकडं जाईल असं वाटावं, तोवर डावीकडं गिरकी. पुढं येईल वाटावं, तोवर मागं. हैबत प्रत्येक वेळी अंदाज बांधायचा आणि प्रत्येक वेळी अडखळायचा. एकदा तर गुडघ्यावरच आला.

"पुढचं पाऊल कशाला शोधतोस?" बाबा धापा टाकत म्हणाले. "आत्ताचं टाक की."

हैबतला घाम फुटला. दम संपला. विचार करायलाही ताकद उरली नाही...

आणि तेव्हा त्याचे पाय म्हाताऱ्याबरोबर पडू लागले.

बाबांनी मनगट कधी सोडलं, ते त्याला कळलंच नाही. तो नाचतच होता.

जत्रेच्या दिवशी गुरांच्या वाड्याची फळी उघडली आणि काजळ्या तोफेसारखा बाहेर सुटला. मागचे पाय आभाळात. मग शिंगं आभाळात. मग जागच्या जागी भोवरा. हैबतचा एक हात दोरात, दुसरा वर मोकळा. काजळ्या वळला, तो वळला. काजळ्या उसळला, तो उसळला. माणसं, धूळ, निशाणं, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. दातांवर दात आपटत होते, आणि हैबत चक्क हसत होता.

हलगी थांबली.

हैबत वरच होता.

त्यानं उडी टाकली, लोळत बाजूला झाला. दोघांनी लाल फडकी हलवत वळूला वाड्यात नेलं. मग मात्र सगळं मैदान जल्लोषानं फुटलं. गुलालानं दिसेनासं झालं. त्याचा सासरा फेटा उडवत ओरडत होता, "जावई माझा! माझा जावई!"

हैबत वाट काढत बाबांपाशी आला. पायांवर डोकं ठेवलं.

बाबांनी त्याला उठवून छातीशी धरलं. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

"बसलास, लेका," ते म्हणाले. "अगदी बसलास."

तेवढ्यात पोरांचा लोंढा आला. त्यांनी हैबतला उचलून खांद्यावर घेतलं. मिरवणूक वेशीकडं निघाली. जयजयकार थांबेना. हैबतनं दोन्ही हात वर केले, आणि मान वळवून बाबांकडं पाहिलं.

बाबा चार पावलं त्याच्याबरोबर चालले. मग तोंडाशी हात धरून मोठ्यानं म्हणाले,

"इथनं कधी उतरायचं, ते सांगायला कुणी हलगी थांबवणार नाही बरं!"