खरवडलेले नंबर

"पण बाई, नंबरच खरवडून टाकलेत, तर माणसानं करायचं काय?"

हेरंबनं हे आल्यापासून कितीदा विचारलं असेल कोण जाणे. बाई सुपात उकडे तांदूळ घेऊन खडे काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाई म्हणजे शरयू रेगे. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत राहतात. पूर्वी रेडिओ स्टेशनवर इंजिनिअर होत्या. आता घराच्या पडवीत बसून जुने ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेयर, टेपरेकॉर्डर दुरुस्त करतात. तेही असे, की ज्यांच्या कंपनीनं हात झटकलेत. या पडवीत बसून बरेच जण शिकून गेले. शिकवताना बाई कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा बरं वाटेलच असं नाही.

हेरंब त्यांचा सगळ्यात नावाजलेला शिष्य. पुण्यात काचेच्या दाराचं दुकान आहे, दुबईहून माणसं मशीन पाठवतात. तसा वाईट माणूस नाही. फक्त तो किती चांगला कारागीर आहे हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही, तो स्वतःच सांगतो. पुष्कळ वर्षांनी बाईंना भेटायला आला, तर येताना पुण्याहून आंबाबर्फी घेऊन आला. कोकणात! यावरून काय ते ओळखा.

पडवीत झाकण काढलेला ॲम्प्लिफायर पडला होता. दोघांनी उचलावा असा जड. गाडीतून पडवीपर्यंत हेरंबनं एकट्यानं आणला, त्यामुळे अजून कंबर धरून उभा होता.

"कंपनीला विचारलंस?" बाईंनी विचारलं.

"कंपनी बंद पडली, बाई. परदेशात दोघे भाऊ होते. एक वारला, दुसऱ्यानं नाव विकून टाकलं. ज्यांनी घेतलं ते म्हणतात, जुन्या मालाशी आमचा संबंध नाही, नवीन घ्या."

"मग घ्या नवीन."

"डॉक्टर नाही घेणार…"

डॉक्टर हुपरीकर, या ॲम्प्लिफायरचे मालक. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. बायको त्याच्याही आधी गेली. सकाळी आंघोळ झाली की रेकॉर्ड लावायची आणि जेवणापर्यंत ऐकत बसायचं, जेवण झालं की पुन्हा तेच. आता महिना होत आला, ॲम्प्लिफायर गप्प आहे.

"परवा गेलो होतो," हेरंब म्हणाला. "नुसते खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, हेरंबराव, दिवसभर घड्याळ तेवढं ऐकू येतं हो… मी शब्द देऊन बसलोय, बाई."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि ॲम्प्लिफायरवर वाकल्या.

आता हे नंबराचं प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा मशीनच्या पोटात एक बोर्ड असतो, आणि त्यावर तीन पायांचे काळे तुकडे असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. आपले आजोबा कानाशी धरून बातम्या ऐकायचे तो ट्रान्झिस्टर वेगळा. या तुकड्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत नंबर छापलेला असतो. तो वाचला की कळतं, हा कुठला आणि किती भार सोसणारा. जळला तर त्याच नंबराचा आणून लावायचा, झालं काम. इथे दोन तुकडे जळले होते, आणि दोन्हींच्याही पाठी कुणीतरी घासून गुळगुळीत करून ठेवल्या होत्या.

"अंदाजानं लाव," बाई म्हणाल्या.

"लावला असता. पण चुकलो तर सगळा बोर्ड जाईल, आणि तसा बोर्ड आता जगात मिळत नाही. एकदाच लावता येणार."

"हं."

"तुम्हाला ठाऊक असेल म्हणून आलो."

"मला ठाऊक नाही."

बाईंनी हे अगदी सरळ सांगितलं. हेरंब पुण्याहून इथपर्यंत गाडी हाणत आला होता बिचारा. मग त्याचा पारा चढला.

"चोर लेकाचे! आपला माल विकायचा, पैसे घ्यायचे, आणि दुसऱ्याच्या हाती काही लागू नये म्हणून नंबर घासून ठेवायचे! आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून चालते व्हायचे. मागे कुणी आंधळा म्हातारा बसलाय, त्याचं काय? यांना काही जनाची, मनाची?"

बाईंनी डोळे बारीक करून बोर्ड बघितला.

"भिंग आहे का तुझ्या पेटीत? माझ्याला तडा गेलाय."

हेरंबनं पेटी उघडली. वरच्याच कप्प्यात, भिंगाशेजारी, पॉलिश पेपरच्या बोटाएवढ्या पट्ट्या कापून नीट रचून ठेवलेल्या होत्या. बाईंनी त्यातली एक उचलली. एका बाजूनं ती काळी पडली होती.

"हे कशाला लागतं?"

"ते होय…" हेरंब जरासा हसला. "धंदा आहे, बाई. एखाद्या मशीनला कुठला तुकडा चालेल, हे मी डोकं फोडून शोधून काढायचं, आणि शेजारच्या दुकानदारानं झाकण उघडून नंबर वाचून मोकळं व्हायचं? माझी मेहनत फुकट. म्हणून मी घासून टाकतो."

"कंपनीनं घासलं तर चोर म्हणालास."

"कंपनीची गोष्ट वेगळी आहे. ती पळून गेली. मी आहे ना! गिऱ्हाईक कधीही येऊ दे, दुकान उघडं आहे. आणि नंबर सगळे इथे आहेत." त्यानं कपाळावर बोट टेकवलं.

"सगळे?"

"एकूण एक."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंग घेतलं. बोर्डावर वाकून बघत राहिल्या. बराच वेळ… पलीकडच्या घरात कुणीतरी खोबरं किसत होतं, तो आवाज तेवढा येत होता. एका जागी भिंग थांबलं. मग पुढे सरकलं, आणि पुन्हा मागे त्याच जागी आलं.

"हे कंपनीचं काम नाही, हेरंब."

"म्हणजे?"

"बाकीचे सोल्डरचे डाग बघ. एकसारखे आहेत, यंत्रानं घातलेले. हे दोन तुकडे कुणीतरी हातानं डाग देऊन बसवलेत. आधीही एकदा जळले असणार."

हेरंब कंबर विसरून खाली बसला.

"डॉक्टर म्हणाले होते खरं… मागे एकदा भाच्यानं मुंबईला नेऊन दुरुस्त करून आणला होता. कुणाकडे ते त्यांना ठाऊक नाही. भाचाही आता नाही." मग त्याचा आवाज पुन्हा चढला. "म्हणजे हा कुणी तरी आपल्यासारखाच दुरुस्ती करणारा? मग तर त्याला जोड्यानं मारला पाहिजे! कंपनी तरी परकी होती!"

"हात चांगला आहे त्याचा."

"हात घेऊन काय चाटायचाय? नियत बघा ना!"

"पायांना वळण दिलंय बघ."

तुकडा बोर्डात बसवण्याआधी त्याच्या प्रत्येक पायाला बारीकसं वळण द्यायचं, म्हणजे तापला तरी डागावर ताण येत नाही. हे बाईंच्या पडवीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बाहेर सहसा कुणी एवढा त्रास घेत नाही.

"म्हणजे आपल्यातलाच कोणी?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही हात ओळखता सगळ्यांचे. नाव सांगा, बाई. उद्याच्या उद्या जाऊन त्याच्या नरडीवर बसतो आणि नंबर काढून घेतो."

बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं.

"तूच बघ. मी चहा टाकते."

त्या आत गेल्या. हेरंब बोर्डावर वाकला.

काळे तुकडे, गुळगुळीत पाठी. पायांना वळण, अगदी बाईंच्या पद्धतीचं. शेजारी एक इवलासा स्क्रू होता. असा स्क्रू एकदा जुळवला की पुन्हा हलू नये म्हणून त्यावर कसला तरी थेंब टाकतात. बाई मेण टाकतात, कुणी पांढरा रंग टाकतं. या स्क्रूवर लालभडक थेंब होता. वाळून कडक झालेला, अजून चकाकणारा.

हेरंबनं भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

तो रंग त्याच्या ओळखीचा होता. पुण्याच्या दुकानाच्या आधीची गोष्ट. लग्न नुकतंच झालं होतं, मुंबईत एकाच खोलीत संसार आणि कामाचं टेबल. लॅमिंग्टन रोडचा एक दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून बोर्ड पाठवायचा. नुसते बोर्ड, मशीन कुणाचं, कसलं, हे हेरंबनं कधी बघितलं नाही. थेंब टाकायला काही मिळालं नाही म्हणून त्यानं बायकोची नेलपॉलिशची बाटली घेतली होती, लग्नात तिच्या बहिणीनं दिलेली. बाटली संपली तेव्हा घरात केवढं रामायण झालं होतं! ते त्याला सगळं आठवलं. बायको काय बोलली तेसुद्धा शब्दाशब्दानं आठवलं.

तो डोळे मिटून बसला. कपाळावर बोट टेकवून बघितलं. डोकं खाजवून बघितलं…

बाई चहा घेऊन आल्या.

"कळलं कोण ते?"

"…हो."

"आपल्यातला?"

"हो, बाई."

"मग अडलंय कुठे? त्याला विचार, नंबर काय होता."

हेरंबनं कप घेतला, तसाच जमिनीवर ठेवला. त्याला लाज वाटली. कानाच्या पाळ्या गरम व्हाव्यात इतकी वाटली.

"त्याला… आठवत नाही."

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि खडे काढायला लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर हुपरीकर! दिसत नाही तेव्हापासून ते फोनवर मोठ्यानं बोलतात. सगळ्या पडवीला ऐकू येत होतं.

"हेरंबराव, पोचलात का? काय म्हणाल्या तुमच्या बाई?"

"पोचलो, डॉक्टर… जरा अडचण आहे. आतल्या तुकड्यांचे नंबर खरवडलेले आहेत."

"अरेरे! कंपनीनंच का?"

आता, हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला होता. ती कंपनी काही वेंगुर्ल्याला येऊन नाही म्हणणार नव्हती. हेरंबनं बाईंकडे बघितलं. बाई तांदळात बघत होत्या.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "मी. तुमच्या भाच्यानं मुंबईला दिला होता ना, तेव्हा तो बोर्ड माझ्याकडेच आला होता. मला आत्ता कळलं. नंबर मीच खरवडलेत."



फोनमधून डॉक्टरांच्या खोलीतलं घड्याळ ऐकू आलं. टिक, टिक. हेरंबनं ते ऐकलं, बाईंनीही ऐकलं असावं, कारण त्यांचा हात सुपात थांबला होता.

आणि डॉक्टर खदखदून हसले.

"अहो, मग हे तर सोन्याहून पिवळं झालं! मी उगाच महिनाभर जिवाला घोर लावून घेतला. तुम्हीच खरवडलेत म्हणजे तुम्हाला ठाऊक असणारच की! मी आपला समजत होतो, आता काही हा बोलत नाही… बोला, केव्हा आणताय? रेकॉर्ड काढून ठेवतो."

हेरंबनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"हॅलो? हेरंबराव? ऐकू येतंय ना?"

हेरंबनं फोन कानापासून लांब धरला आणि बाईंकडे बघितलं. डोळे भरून आले होते.

बाईंनी तांदळातून एक खडा उचलला आणि अंगणात टाकला.

"सांग त्यांना," बाई त्याच्या कपाळाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "कंपनी बंद पडली."