टिटवी गप्प बसली तेव्हा

नद्यांना पूल ठाऊक नव्हते तेव्हाची ही गोष्ट. काठावरच्या वाळूत एका टिटवीची अंडी होती. हत्ती आपला कळप त्या अंड्यांना वळसा घालून नेई, आणि मगर जवळ आली की टिटवी ओरडून त्याला सावध करी. ती गप्प असली, की हत्ती निर्धास्तपणे सोंड पाण्यात घाली.

एके सकाळी हत्ती बघतो तर काय, टिटवी चक्क मगरीशी गप्पा मारतेय!

"टिटवे, तिच्याशी बोलणं आजपासून बंद," तो गरजला. "नाहीतर उद्या कळप सरळ वाटेने जाईल."

अंडी पोटाखाली घेऊन टिटवी म्हणाली, "हत्तीराव, तुम्ही पाणी पिऊन रानात जाता. मगरमावशी दिवसभर माझ्या शेजारी. बोललेच नाही, तर ती कुठे आहे हे मला तरी कसं कळणार?"

"मला शिकवू नकोस!"

"बरं, नाही शिकवत," म्हणत टिटवीने चोच मिटली.

हत्ती तोऱ्यात पाण्यापाशी गेला, सोंड खाली नेली आणि थबकला. काठ अगदी शांत होता.

"टिटवे, मगर लांब आहे म्हणून गप्प आहेस, की रुसलीस म्हणून?"

टिटवी काही बोलेना. तहानलेला कळप मागून ढुसण्या देऊ लागला.

हत्तीने घसा खाकरला. "वळशाचं राहू दे तसंच," तो पुटपुटला. "आणि जरा मावशींना विचारून ये ना, आज कुठे आहेत त्या?"