तेल लावलेला पैलवान

एकदा एक भांड्यांचा व्यापारी सकाळीच तालमीत जाऊन वृद्ध वस्तादांपुढे बसला. वस्तादांना तो गुरुस्थानी मानी. स्वतःचा पाय लाल मातीला कधी लागला नव्हता. परंतु बोलणे ऐकाल, तर सगळे आखाड्यातले. शेजारचा दुकानदार हरला म्हणजे ‘चीतपट’, गिऱ्हाईक वळवले म्हणजे ‘डाव साधला’, भांडण काढले म्हणजे ‘शड्डू ठोकला’. आम्हा पेठेतल्या माणसांची ही जुनीच खोड, मीही त्यातलाच.

“वस्ताद, आज दुपारी धाकट्याशी बैठक आहे,” तो म्हणाला. “मुरलीधर वेगळं व्हायचं म्हणतोय. दुकान वेगळं, चूलही वेगळी. एकच भाऊ मला. तो राहील असा एखादा डाव सांगा.”

“तुम्ही काय बोलणार त्याच्याशी?”

“आजवर बोललो तेच. वीस वर्षांत माझी एक चूक त्याला दाखवता आलेली नाही. हात घालील कुठून? मी म्हणजे तेल लावलेला पैलवान!”

“अस्सं!” वस्तादांनी नुकतीच मालिश झालेल्या एका शिष्याला हाक मारली. “रंगराव, ये इकडं. शेठ, धरा याला.”

“मी?”

“मग काय मी? धरा.”

शेठजींनी दंड धरला, निसटला. मान धरली, निसटली. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच मातीत बसले. रंगराव हसू दाबीत म्हणाला, “शेठ, भांडी बरी, नाही का? कानाला धरता येतात.”

मग वस्तादांनी ओंजळभर माती घेऊन रंगरावच्या दंडाला, मानेला, पाठीला चोळली. “आता धरा.”

या वेळी पकड बसली. शेठजी चक्रावले. “पण वस्ताद, हा तर समोरच्याचाच फायदा झाला!”

“कुस्तीच्या आधी आमचा प्रत्येक गडी अशी माती लावून घेतो,” वस्ताद म्हणाले. “समोरच्याला पकड मिळाली, तरच कुस्ती होते. तेलकट अंगानं उतरलेल्याला कोणी पाडू शकत नाही हे खरं. परंतु त्याच्याशी कोणी खेळतही नाही, लोक उठून जातात. तुम्ही आखाड्यातले शब्द उचललेत, शेठ. पण सगळे जिंकण्याचेच. या मातीसाठी एकही शब्द पेठेत नेला नाहीत.”

शेठजी उठले आणि पेठेकडे निघाले.

दुपारी मुरलीधर वाटणीचे कागद घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. थोरला म्हणाला, “मुरली, तू स्टँडजवळ गाळा घेऊ म्हणालास, तेव्हा मी चार माणसांत तुला हसलो. चुकलं माझं.”

मग धाकटा म्हणाला, “एवढंच नाही दादा. अजून पुष्कळ आहे.”

“सांग,” थोरला म्हणाला, आणि सरकून त्याला गादीवर जागा करून दिली.