रांगोळीतला लंगडा मोर

फार फार वर्षांपूर्वी, जमीन हातांनी आणि बोटांनी मोजली जाई त्या काळी, एका राज्यात एक म्हातारा मोजणीदार राहत होता. विद्वान होता, पण स्वतःवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मोजलेलं तो सात वेळा मोजी. लोक हसून म्हणत, "आबा, आता दोरीच थकली हो!"

एकदा दोन भाऊ त्याच्याकडे आले. चाळीस हात रुंद, शंभर हात लांब अशी त्यांची घरजागा होती. रस्ता फक्त पुढच्या बाजूने.

"आबा, दोन घरांसाठी दोन सारखे तुकडे करा. पुढचा धाकट्याला द्या," थोरला म्हणाला.

"छे, पुढचा दादालाच!"

"गप रे. तुझं लेकरू तान्हं आहे. रस्ता जवळ हवा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने सात वेळा मोजून बरोबर पन्नास हातांवर हद्दीचा दगड रोवला. तरी घरी जाताना त्याच्या मनाला रुखरुख लागली. दोरी सैल होती की काय?

घरं उभी राहिली. वर्षभराने म्हातारा सहज तिकडून चालला होता, तर धाकट्याच्या अंगणात दोन्ही जावांची जुंपलेली.

"जाऊबाई, माझ्या मोराला रोज लंगडा करता!" धाकटी रांगोळीतल्या मोराच्या पुसलेल्या पायाकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग पाण्याला उडत जाऊ? पंख तुझ्या मोराला आहेत, मला नाहीत!" थोरलीच्या डोक्यावर घागर होती.

भाऊ आपापल्या दारात उभे होते. दोघांत महिनाभर बोलणं नव्हतं. कुंपणासाठी धाकट्याने बाभळीच्या काट्या आणून ठेवल्या होत्या.

म्हाताऱ्याच्या सगळं ध्यानात आलं. सात वेळा त्याने दोरीवर शंका घेतली होती, पण मागच्या घरातली माणसं बाहेर कशी पडणार, हे एकदाही विचारलं नव्हतं!

"पोरांनो, चूक माझी," तो म्हणाला. "मी वाटणी केली, पण वाट सोडली नाही."

"आबा, लोक काय म्हणतील तुम्हाला?" थोरला गडबडला.

"म्हणू देत. दगड उपटायला हात लावा."

त्याने पुढच्या तुकड्याच्या कडेने पाच हात रुंद वाट आखली, दोघांची मिळून. मग उरलेली जागा पुन्हा सारखी वाटली. दगड तीन हात आठ बोटं मागे सरकला, म्हणजे थोरल्याचीही जागा कमी झाली. वाटेत धाकट्याचा तोंडलीचा मांडव येत होता. तो धाकट्याने स्वतःच मोडला. शेवटची तोंडली ओंजळीत घेऊन थोरल्यापुढे उभा राहिला.

"दादा, वहिनीला दे."

"तूच दे की. वाट झालीय आता," थोरला म्हणाला, आणि महिन्याभराने दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पुन्हा आला, वाट नीट पाचच हात आहे ना, ते मोजायला. पण दोरी टाकायला जागाच नव्हती. दोन्ही जावांनी मिळून वाटेच्या तोंडाशी भला मोठा मोर काढला होता. थोरली घागर घेऊन बाजूने अलगद गेली. मोराचे दोन्ही पाय शाबूत होते.

म्हाताऱ्याने दोरी गुंडाळली. आयुष्यात पहिल्यांदा तो न मोजता घरी गेला.

तात्पर्य : वाटणी करताना आधी एकमेकांसाठी वाट सोडावी, मग उरलेलं वाटून घ्यावं.